आजीच्या पत्त्यावरची मुलगी

आमच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा प्रत्येक कोरियन माणूस मला बघून थबकतो. दारावरच्या पाटीवर कोरियन अक्षरं, आतल्या वकीलबाईंचा चेहरा कोरियन, आणि 'या, बसा' म्हणायला पुढे येते ती इचलकरंजीची सावळी बाई. पाणी देऊन झाल्यावर मीच समोर फाईल उघडून बसते, तेव्हा ते दुसऱ्यांदा थबकतात. एका कंपनीच्या साहेबांनी तर सरळ विचारलं होतं, "तुम्ही कायदा कुठे शिकलात?" मी म्हटलं, "कोल्हापुरात." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. ते कोरियातलंच एखादं गाव असेल असं त्यांना वाटलं असावं.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज बघितलं नव्हतं. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई सुताच्या कांड्या भरायची. मी कायदा शिकले, मग जर्मनीत येऊन मास्टर्स केलं. इथल्या परीक्षा दिल्याशिवाय इथे वकील म्हणून उभं राहता येत नाही, म्हणून मी ब्राउनश्वाइगच्या या छोट्या ऑफिसात सहायक आहे: मसुदे लिहायचे, कायदे धुंडाळायचे, कोर्टाची पत्रं तयार करायची. यात मला काही कमीपणा वाटत नाही. उलट अभिमानच वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

आजूबाजूला गाड्यांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या बऱ्याच कोरियन कंपन्या आहेत. त्यांचे करार, त्यांच्या माणसांचे व्हिसे, हा आमचा रोजचा धंदा. पण कंपनीच्या फाईलमागून हळूच घरची फाईल येते. कुणाचं लग्न, कुणाची वाटणी, कुणाची मुलं. एका देशाचा कायदा दुसऱ्याला ओळखत नाही, आणि मध्ये माणसं अडकतात. मी सांगतेय ती गोष्ट अशाच एका घरच्या फाईलची आहे.

जानेवारीत एका सकाळी एक बाई आली. आमच्याच एका अशील कंपनीत ती हिशेबनीस होती, म्हणून तिला ओळखत होते. कंपनीच्या कामाला यायची तेव्हा टापटीप, हसतमुख. त्या दिवशी कोटही न काढता खुर्चीच्या टोकावर बसली. नवऱ्याच्या वकिलाचं पत्र तिने टेबलावर ठेवलं.

तिचा नवरा जर्मन, इंजिनियर. वर्षभरापासून दोघं वेगळे राहत होते. सहा वर्षांची मुलगी आईकडे असायची, शनिवार-रविवार बापाकडे. ताबा दोघांचा. कोरियात या बाईची आई एकटी, तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ऑपरेशनच्या आधी नातीला एकदा जवळ घ्यायचं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं. फेब्रुवारीत जायचं, मार्चच्या मध्यावर परत यायचं, तिकिटं काढलेली. नवऱ्याने आधी 'हो' म्हटलं होतं. आता त्याने तातडीने फॅमिली कोर्टात अर्ज टाकला होता: मुलीला देशाबाहेर नेऊ देऊ नये, तिचे दोन्ही पासपोर्ट जमा करावेत, विमानतळावर तिचं नाव कळवून ठेवावं. कारण काय, तर आईने मुलीचं नाव गुपचूप कोरियातल्या शाळेत घातलं आहे आणि ती परत आणणार नाही.

"घातलंय का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे?" पत्रासोबत एका फोटोची प्रत होती. शिक्का मारलेला कोरियन कागद, त्यावर मुलीचं नाव, शाळेचं नाव, हजर राहायची तारीख.

"ते आपोआप येतं."

"आल्झो... बरं, आपोआप म्हणजे कसं? कागद आपोआप येत नसतात."

आमच्या वकीलबाईंचा जन्म हानोवरचा. आई नर्स म्हणून कोरियातून आलेली. बाईंना कोरियन कायदा पाठ आहे, पण कोरियात राहण्याचा अनुभव उन्हाळी सुट्ट्यांपुरता. ती बाई सांगू लागली तसतसं त्यांनाही ते नवीनच होतं.

झालं होतं असं. मुलगी तान्ही असताना तिघंजण वर्षभर कोरियात, आजीच्या घरी राहिले होते. नवऱ्याचं काम तिकडे होतं. तेव्हा तिथल्या वॉर्ड ऑफिसात आजीच्या कुटुंबात मुलीचं नाव लागलं. परत आल्यावर ते कोणी काढलं नाही. काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि ज्या मुलाचं नाव ज्या पत्त्यावर, त्याचं वय झालं की त्या पत्त्यावर जवळच्या शाळेचं बोलावणं येतं. आजीच्या दारात ते आलं. आजीला इतका आनंद झाला की तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली बदामांची रांग, आणि लिहिलं, 'आमचं पिल्लू शाळेत जाणार!' ग्रुपवर जावई अजून होता. नवरा-बायको वेगळे झाले, पण ग्रुपमधून त्याला काढायचा उद्धटपणा कोण करणार? त्याने फोन कागदावर धरून भाषांतर केलं, आणि त्याच संध्याकाळी वकील गाठला.

"कोरियातली शाळा कधी सुरू होते?" मी विचारलं.

"मार्चच्या सुरुवातीला."

"आणि तुमचं परतीचं तिकीट मार्चच्या मध्यावरचं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

मला आडून विचारता येत नाही. आमच्याकडे मागाच्या खडखडाटात माणसं ओरडून आणि थोडक्यात बोलतात, ती सवय गेली नाही. मी म्हटलं, "स्पष्टच विचारते. तुम्ही परत येणार आहात ना?"

वकीलबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. बाईने मात्र माझ्या नजरेला नजर दिली.

"माझी नोकरी इथे आहे," ती म्हणाली.

हे उत्तर नव्हतं, हे तिघींनाही कळलं. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती, विमान त्याच्यानंतर दोनच दिवसांनी.

जर्मन माणसाला यातलं काय खटकतं, ते मला नीट माहीत होतं. इथे माणूस जिथे झोपतो तिथेच त्याचं नाव. घर बदललं की दोन आठवड्यांत ऑफिसात जाऊन सांगायचं, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. देश सोडला तर जाताना नाव काढून जायचं. नाव एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात, हे इथे लबाडीचं लक्षण. तेव्हा आजीच्या पत्त्यावर मुलीचं नाव म्हणजे नवऱ्याच्या, त्याच्या वकिलाच्या आणि बहुतेक न्यायाधीशांच्याही लेखी मुलगी तिथली रहिवासी. आईने जमवून ठेवलेला डाव. खरं सांगायचं तर दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं इथे राहून माझंही डोकं त्याच साच्यात बसलं होतं.

ते साच्यातून काढलं आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. रविवारी त्यांचा फोन आला. मागे माग चालू होते, म्हणजे ते कामावरूनच बोलत होते.

"अगं, रेशनवाला म्हणतोय, कार्डावरच्या समद्यांनी मशीनवर अंगठा द्यायचा. न्हाईतर नाव कट."

"मग होऊ दे की कट, अण्णा. मी कुठं तिकडं तांदूळ न्यायला येतेय?"

"तांदळाचं कोण बोलतंय?"

"मग?"

"तू कधी येणार हाईस, तेवढं सांग. मी त्याला तसं सांगून ठेवतो."

"अण्णा, मला तिथून निघून किती वर्षं झाली! कार्डावर मी अजून हाय, हेच चूक हाय. कायद्यानं."

"वकिलीणबाई, कायदा मला शिकवू नको. तिकडच्या तुझ्या कार्डावर बापाचं नाव हाय का?"

माझ्या जर्मन रहिवासी कार्डावर माझा फोटो आहे, बोटांचे ठसे आहेत, डोळ्यांचा रंगसुद्धा आहे. बापाचं नाव नाही.

"न्हाई."

"मग हितलं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. चिडले की ते निरोप न घेताच फोन ठेवतात.

रेशनकार्डावर माझं नाव ठेवून अण्णांचा काही डाव आहे असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याची जीभ हासडली असती. नाव काढणं म्हणजे मुलगी घरातून काढणं, एवढं साधं त्यांचं गणित. मग समुद्रापलीकडच्या म्हातारीचं वेगळं का असेल?

सोमवारी मी कामाला लागले. आमच्या अशील कंपन्यांत फोन फिरवले. ज्यांची मुलं या वर्षी शाळेच्या वयाला आली अशी दोन कोरियन कुटुंबं सापडली. दोघांचीही मुलं इथेच, आणि दोघांच्याही कोरियातल्या घरी तसाच कागद आलेला. एकाने तर तो फ्रिजवर लावायला मागवून घेतला होता. ते कागद जोडून, वॉर्ड ऑफिसच्या नियमाचं भाषांतर करून मी कोर्टासाठी टिपण लिहिलं. या नोंदीचा अर्थ राहण्याशी नसून कुटुंबाशी आहे, हे साध्या जर्मनमध्ये. वकीलबाईंनी वाचलं, दोन शब्द बदलले आणि म्हणाल्या, "गेनाऊ. असंच पाहिजे होतं." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त शाबासकी मिळत नाही.

मला वाटलं, आता निम्मी लढाई जिंकली.

फॅमिली कोर्टाची खोली लहान होती, वर्गातल्यासारखी टेबलं जोडलेली. बाहेरच्या कोणाला आत बसू देत नाहीत. न्यायाधीशांनी माझ्याबद्दल दोन्ही बाजूंना विचारलं, तेव्हा नवरा पटकन म्हणाला, "बसू देत." पहिल्यांदाच त्याला बघत होते. उंच, वाकलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मुलीशी न्यायाधीश सकाळीच एकटे बोलले होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं: मुलीला आजीकडे जायचं आहे, आणि तिला बाबांनाही दाखवायचं आहे की ती आता वरच्या बिछान्यावर एकटी झोपते. एवढंच.

टिपण न्यायाधीशांनी वाचलेलं होतं. ते नवऱ्याच्या वकिलाला म्हणाले, "शाळेचा मुद्दा मला पटलेला नाही. हा कागद आईने मागवलेला दिसत नाही."

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. नवऱ्याचा वकील हसला. गोड हसला, तेव्हाच मला भीती वाटायला पाहिजे होती.

"उत्तम. मान्य," तो म्हणाला. "म्हणजे ही नोंद निव्वळ विसरून राहिलेली आहे. आईला तिचं काही महत्त्व नाही. मग वादच मिटला. नाव काढून टाका. आजच. सगळं ऑनलाइन होतं म्हणे तुमच्याकडे. मुलगी फक्त ब्राउनश्वाइगची रहिवासी राहील, आणि माझे अशील उद्या सकाळी प्रवासाला संमती देतील."

न्यायाधीश बाईकडे वळले. "हे करता येईल तुम्हाला?"

वकीलबाई माझ्या बाजूला होत्या, त्यांनी सोडलेला सुस्कारा मी ऐकला. इतकी सोपी अट त्यांच्या अपेक्षेत नव्हती.

"नाही," ती बाई म्हणाली.

न्यायाधीशांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो सावकाश पुन्हा विचारला.

"मला कळलं," ती म्हणाली. तिचं जर्मन हळू, पण एकेक शब्द जागच्या जागी. "त्या नोंदीत आईच्या घरात आता तीन नावं आहेत. आई, मी आणि माझी मुलगी. पूर्वी चार होती. बाबा गेले तेव्हा त्यांचं नाव काढायला आई स्वतः गेली होती. आता ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात त्या नोंदीचा उतारा द्यावा लागतो. ती तो काढायला जाईल. मी त्यातून नात काढून ठेवणार नाही."

"ही फक्त नोंद आहे," नवऱ्याचा वकील म्हणाला. "तिचा राहण्याशी संबंध नाही, असं तुमच्याच टिपणात लिहिलंय."

माझेच शब्द. माझ्यावरच उलटले.

"ऑपरेशननंतर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आईला विचारून. तिला न विचारता नाही."

नवऱ्याच्या वकिलाने हात पसरले. बघा, मी काय म्हणत होतो! नवरा टेबलाकडे बघत होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही मला अवघड करून ठेवताय," ते बाईला म्हणाले, "एखादी आई इतक्या छोट्या गोष्टीला नाही म्हणते, तेव्हा मला विचार करावाच लागतो." त्यांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर वकीलबाईंचा आवाज चढला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला मुलीला आजीकडे न्यायचंय की नाही? हो म्हणा आत जाऊन! नंतर पुन्हा नाव लावा, कोण बघायला येतंय!"

बाई भिंतीला टेकून उभी. रंग उडालेला, पण मान ताठ.

"खोटं हो म्हणू?"

"मी खोटं म्हणा असं नाही म्हणाले."

"तुम्ही तसंच म्हणालात, बाई," मी मध्ये पडले. मला मध्ये पडायचा अधिकार नव्हता. "आणि तसं केलं तर उद्या तो म्हणणार, बघा, मी सांगत होतो ना. मग पुढच्या वेळी कोर्ट काहीच ऐकणार नाही."

"मग तुमच्याकडे काय आहे?" वकीलबाई माझ्यावर उलटल्या. "कोल्हापुरात शिकवलं असेल काही, तर सांगा!"

टोमणा लागला, पण उत्तर द्यायची वेळ नव्हती. मी बाईकडे वळले. "त्याला नोंदीची भीती नाहीये. मुलगी तुमच्याबरोबर एकटी विमानात बसते, त्याची भीती आहे. त्यावर तुम्ही त्याला काय देऊ शकता?"

तिने पलीकडे बघितलं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नवरा आणि त्याचा वकील कॉफीच्या यंत्रापाशी उभे होते. यंत्र पैसे खाऊन बसलं होतं आणि नवरा त्याला हलकेच थापट्या मारत होता.

"मग त्यालाच आणू दे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी आधी एकटी जाते. पासपोर्ट इथे ठेवते, दोन्ही. ऑपरेशनच्या आठवड्यात तो मुलीला घेऊन येईल, आणि तोच तिला परत आणेल. माझ्याबरोबर ती विमानात बसणारच नाही."

वकीलबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. आता त्या घाबरल्या होत्या. "आणि तुम्ही तिकडे गेल्यावर तो आलाच नाही तर? मुलगी इथे, तुम्ही तिथे. तो म्हणेल, रजा मिळाली नाही. मी इथून काहीही करू शकणार नाही. तुमची आई तशीच ऑपरेशनला जाईल."

"माहीत आहे."

"तो येईल याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही," ती म्हणाली. "पण मी परत येईन याची त्याला तरी कुठे आहे? आता दोघं सारखे."

आत गेल्यावर वकीलबाईंनी प्रस्ताव मांडला, तेव्हा नवऱ्याचा वकील लगेच पुढे झुकला. त्याला काहीतरी हरकत घ्यायची होती. नवऱ्याने त्याच्या दंडावर हात ठेवला. "रजा घेतो मी," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच बायकोकडे बघून, "नक्की?" तिने मान हलवली.

जर्मन न्यायाधीश समजुतीचा मजकूर स्वतः यंत्रात बोलतात आणि मग सगळ्यांसमोर तो पुन्हा ऐकवतात. ऐकून प्रत्येकाने 'मान्य' म्हणायचं, मगच ते पक्कं होतं. न्यायाधीश बोलत होते: मुलीचं राहण्याचं ठिकाण ब्राउनश्वाइग आहे यावर दोघांचं एकमत. आजीच्या पत्त्यावरच्या नोंदीने त्यात काही फरक पडत नाही. दोन्ही पासपोर्ट आईच्या वकिलांकडे राहतील आणि निघायच्या दिवशी बापाला मिळतील. बाप मुलीला नेईल. बाप मुलीला आणेल.

मग त्यांचाच आवाज त्या छोट्या यंत्रातून पुन्हा आला, सपाट, खरखरीत. त्या आवाजात ते सगळं फार कठोर वाटत होतं. प्रत्येक वाक्यात मुलगी बापाच्या हातात होती.

"मान्य," नवरा म्हणाला.

तिची पाळी आली आणि ती थांबली. न्यायाधीशांचं बोट बटणावर. वकीलबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम. ती आत्ता उठून गेली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"मान्य."

ती कोरियाला गेली. नंतरचे दिवस ऑफिसात कामं नेहमीचीच होती, एका कंपनीचा भाडेकरार, दोन व्हिसे. पण तिजोरीत ते दोन पासपोर्ट होते, एक तांबडा, एक निळा, आणि तिजोरीजवळून जाताना मी उगाच तिकडे बघायची.

निघायच्या दिवशी नवऱ्याने सकाळी पासपोर्ट न्यायला यायचं ठरलं होतं. दहा वाजले, तो नाही. अकरा वाजले. कोरियात तेव्हा संध्याकाळ. तिचा मेसेज आला, 'आला का?' मी लिहिलं, 'अजून नाही.' त्याच्या वकिलाला फोन केला, तो कोर्टात होता. वकीलबाई दार उघडून एकदा माझ्याकडे बघून गेल्या. साडेअकराला पुन्हा, 'आला का?' या वेळी उत्तर लिहायचा मला धीर झाला नाही. फ्रांकफुर्टची गाडी एकच्या आत पकडावी लागणार होती.

बारा वाजून गेल्यावर बेल वाजली. दारात तो, हाताशी मुलगी, मुलीच्या पाठीवर तिच्याहून मोठी सॅक.

"माफ करा," तो म्हणाला. "खाली गाडीतच होतो."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

मुलगी वैतागली होती. "पापाने तीनदा तीच गोष्ट वाचून दाखवली," तिने मला तक्रार सांगितली, जर्मनमध्ये. "तीनदा!"

मी पावती पुढे केली. त्याने पेन घेतलं आणि सही करता करता थांबला. "तुम्ही तिच्या बाजूच्या आहात, मला माहीत आहे," तो हळू म्हणाला, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. "तरी विचारतो. तिथे उतरल्यावर तिने तिथल्या कोर्टात काही केलं, तर मला मुलीला परत आणता येईल ना?"

मला उत्तर माहीत होतं. परदेशात अडकवलेली मुलं परत पाठवायच्या करारावर दोन्ही देशांची सही आहे, आणि तो कोर्टात लिहून घेतलेल्या शब्दांच्या बाजूने होता, म्हणजे त्याच्या बाजूने. चार वाक्यांत मी त्याला मोकळं केलं असतं. पण तो आमचा अशील नव्हता. समोरच्या बाजूला सल्ला द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी कधी मोडलेला नाही.

"मी तुम्हाला सांगू शकत नाही," मी म्हटलं. "तुमच्या वकिलांना विचारा. आत्ताच फोन करा, इथे बसून."

"तो उचलत नाही."

"मग तुम्हालाच ठरवावं लागेल."

फार कोरडं वाटलं असेल त्याला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, काही सापडतंय का म्हणून. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. ते कष्टाचं काम होतं. मुलीने त्याची बाही ओढली. "पापा, गाडी."

त्याने सही केली. पासपोर्ट आतल्या खिशात ठेवले, खिशावरून दोनदा हात फिरवला आणि तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. जिन्यावर तिच्या उड्या मारत उतरण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी लिहिलं, 'निघाले.'

उत्तर लगेच आलं नाही. मी टेबलावरचे कागद सरळ केले, पुन्हा वाकडे केले. मग फोन वाजला.

'आईला सांगितलं. तिने आत्ताच तांदूळ भिजत घातले.'

'अजून उद्याचा अख्खा दिवस जायचाय ना त्यांना पोचायला?' मी लिहिलं.

'तिला सांगून बघितलं. ऐकत नाही. विचारतेय, जावई अजून तिखट खातो का?'